मामासाहेबांचा मधला स्टँड

मोटारसायकल हौसेनं चालवणारे माळव्यात पुष्कळ झाले, पण ती उभी करता यावी एवढ्याचसाठी चालवणारे आमचे मामासाहेब एकटेच. माझ्या यजमानांचे हे मामा. लग्न केलं नाही, बिऱ्हाडही वेगळं, एकट्याचं. पण लढाई संपल्यावर फौजेच्या लिलावातली अवजड विलायती मोटारसायकल घरी आणली, तिला दारात ओवाळलं मात्र. बाजूच्या स्टँडवर कललेली गाडी दिसली की त्यांचं डोकं फिरे. "हे काय उभं राहणं? पानठेल्यावर रिकामटेकडे उभे राहतात तसं!" त्यांची गाडी मधल्या स्टँडवरच चढायची, ताठ, मागचं चाक अधांतरी. टावर चौकात समतल जागेसाठी घिरट्या घालत. एकदा टांगेवाल्यालाच म्हणाले, "भैया, घोड़ा ज़रा आगे लो, उसके नीचे की ज़मीन अच्छी है." उन्हाळ्यात डांबर मऊ होऊन स्टँड रुतू नये म्हणून पिशवीत भाजीबरोबर एक फळी असे. दर रविवारी स्टँडचा सांधा घासलेटनं धुऊन त्यात ग्रीस भरायचं, आणि स्प्रिंग सतारीसारखी छेडून कानानं पारखायची. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिला धडा तोच. "सूनबाई, ओढायची नाही. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले, की आपलं सगळं वजन त्याच्यावर दे. गाडी आपणहून मागे येते." निऱ्या सावरत मी ती चढवली, तर या गृहस्थांनी गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी मात्र गाडी देवास गेटजवळ, त्यांच्या सरकारी दफ्तरातल्या एका स्नेह्यांच्या दारात लागे. तिथे दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगे. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारत मध्यप्रदेशात मिळाला आणि दफ्तर भोपाळला हललं. मामासाहेबांची पेन्शन जवळ आलेली, ते इथंच राहिले. स्नेही बिऱ्हाड घेऊन गेले. पोचवायला गेलेले मामासाहेब स्टेशनवर हमालांशीच फार बोलले.

काही दिवसांनी मी त्या रस्त्यानं येत होते. घराला कुलूप, दारात गाडी, आणि ओट्यावर मामासाहेब.

"मामासाहेब, इथं कोणी नाही ना आता?"

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "दुसरं कुठे जावं, ते माहीत नाही."

मी त्यांना आमच्याकडे जेवायला या म्हटलं. ते हो म्हणाले, आणि आले नाहीत.

आले ते एकदम दिवाळीनंतर, दिवेलागणीला. स्नेह्यांच्या त्या घरात सिंधी बिऱ्हाड आलं होतं. ओट्यावर बसलेल्या या म्हाताऱ्याला तिथल्या बाईंनी अदबीनं विचारलं, "बाबूजी, किससे मिलना है?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, किसी से नहीं, बहनजी. इंजन ठंडा कर रहा था." ते हसले. "भली बाई. पाणी आणून दिलं तिनं."

मी पान वाढलं. एरवी जेवताना अख्खं घर हसवणारा माणूस खाली मान घालून जेवत होता. आमटी भुरकता भुरकता मध्येच थांबले.

"सूनबाई, भोपाळला करमत असेल का गं त्याला?"

मी भोपाळ पाहिलं नव्हतं. "नसेल करमत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि मग पोटभर जेवले.