मामांकडे पोहणारा उंदीर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. एकोणीस वर्षं उंदरांचे पिंजरे धुण्यात गेली होती. बायको म्हणायची, "साबण संपेल, पण तुमच्या हातांचा वास काही जायचा नाही."

त्या वर्षी मॅडमनी नवा प्रयोग मांडला. गोल हौदात पांढरा रंग कालवलेलं पाणी आणि त्यात बोटभर खाली, न दिसणारा चौथरा. धडधाकट उंदीर भिंतीवरच्या खुणा बघून चार-सहा दिवसांत त्याची जागा हेरायचे. पण अर्ध्या उंदरांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा ध्यानात ठेवणारा भाग, मॅडमनी सुई घालून जाळला होता. ते कडेकडेनं गरगर पोहत राहायचे. मिनिट भरलं की मामांनी त्यांना बाहेर काढायचं.

त्यातल्या एकाचा कान खुणेसाठी कातरला होता. पाण्यात सोडताना तो मामांचं बोट घट्ट धरून ठेवायचा. मामांना बघवेना. उंदीर सोडला की ते हौदाबाहेर, चौथऱ्याच्या बरोबर मागे जाऊन उभे राहू लागले, रोज त्याच जागी, हात पाठीशी बांधून. आठवड्याभरात कानतुट्या सरळ त्यांच्याकडे पोहत येऊन चौथऱ्यावर चढायला लागला. पाठोपाठ बाकीचेही. मामा मनातून हरखले.

मॅडम मात्र आकडे बघून चक्रावल्या. हौदाशी येऊन थोडा वेळ बघत राहिल्या.

"मामा, आज समोरच्या बाजूला उभे राहा."

"मॅडम, तो बिचारा..."

"राहा म्हटलं ना!"

कानतुट्या मामांकडेच आला. खाली चौथरा नव्हता. वर बघत तो हौदाची भिंत नखांनी ओरबाडू लागला.

"हलायचं नाही," मॅडम घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या. मिनिट संपलं. "पुन्हा सोडा."

चार वेळा सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, तरी चारही वेळा तो मामांकडेच आला.

"यांना जागा कळतच नव्हती. तुम्ही दिसत होता," मॅडम म्हणाल्या. "अख्खी तुकडी वाया घालवलीत. संध्याकाळपर्यंत उरकून टाका."

उरकायचं कामही मामांचंच. पिंजऱ्याचं दार उघडताच कानतुट्या आपणहून त्यांच्या तळहातावर चढला. मामांनी त्याला गॅसच्या पेटीत ठेवलं, झाकण दाबलं आणि नळ फिरवला.

सोमवारी नवे उंदीर आले. हौदाभोवती आता पडदा होता, खुणा त्याच्यावर आतून डकवलेल्या. उंदीर सोडून मामांनी पडद्याबाहेर जायचं, असा हुकूम होता. ते बाहेर उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत साठ आकडे मोजायचे.