बारीला कोण कोण जाणार

सरोज गुंजाळ यांचा आवाज मूळचा निफाडकडचा. शेताच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला जेवायला बोलवावं, तसला. आता त्या राहतात कतारला, दोह्यात, अल थुमामाच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. विमानतळ जवळ. विमानं इतकी खालून जातात की घरोघरी माणसं बोलता बोलता थांबतात आणि विमान गेलं की पुढचं वाक्य धरतात. सरोजबाई थांबत नाहीत. त्या आवाज चढवतात.

वय सदुसष्ट. नवरा लवकर गेला. अठ्ठावीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली आणि त्या तुटपुंज्या मानधनावर, थोड्या द्राक्षबागेवर, एकुलत्या एका कैवल्यला इंजिनिअर केलं. कैवल्य हमद पोर्टवर क्रेनची देखभाल बघायला लागला, गार्गीशी लग्न झालं, मुलगी अंतरा झाली, तेव्हा त्यानं आईला बोलावून घेतलं. त्याला आता सात वर्षं झाली.

पहिलं वर्ष बाईंनी खिडकीत बसून काढलं. दुसऱ्या वर्षी पायात चपला घातल्या आणि खाली मुदस्सिरच्या दुकानात गेल्या. तिथं एकेक टोमॅटो हातात घेऊन, दाबून, देठाशी वास घेऊन निवडायला लागल्या.

"अम्मा, टमाटर है, मरीज नहीं," मुदस्सिर म्हणाला.

"मरीजच है. ये देख, इसको बुखार है," सरोजबाई म्हणाल्या आणि तो टोमॅटो त्याच्याच हातात ठेवला. तेव्हापासून दुकानात पेटी आली की मुदस्सिर आधी अम्मांची वाट बघतो.

तर अशी बाई. पण या उन्हाळ्यात घरातलं बोलणं एकाएकी इंग्रजीत सुरू झालं. सरोजबाईंना इंग्रजी बेताचंच. मात्र मुलगा आणि सून आपसात इंग्रजीत बोलायला लागले की आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय, एवढं त्यांना पक्कं कळे.

आठवड्याने कैवल्यनं मराठीत सांगितलं. इटलीच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, बारी नावाचं शहर आहे. तिथल्या बंदरावर त्याला नोकरी मिळाली. गार्गीचंही तिथं काम ठरलं. अंतराला शाळा मिळाली.

"आणि मी?"

"तू निफाडला राहा ना आई. अभिजितनं वरची खोली रंगवून घेतलीय." अभिजित म्हणजे सरोजबाईंच्या दिराचा मुलगा. "कागदाचं म्हणशील तर तुला नेता येतं, मी चौकशी केलीय. पण तिथं हिंदीसुद्धा कुणाला येत नाही. आम्ही दिवसभर बाहेर. तू एकटी काय करशील?"

सरोजबाई पोळीवर तूप लावत राहिल्या. मुलाचं चुकत नव्हतं, पण त्याचं म्हणणं मान्यही नव्हतं. त्यांचं भारताचं तिकीट रविवारी काढायचं ठरलं.

त्याआधीच्या शुक्रवारी लिझी डाबरे आली. लिझी वसईची. इथं एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करते, पण त्याआधी नऊ वर्षं ती बारीला होती, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. दोह्यातलं कुणी तिकडे निघालं की लिझीचा नंबर त्याच्या हातात पडतो. ती येते, पाय पसरून बसते, तीन कप चहा पिते आणि सगळं सांगते.

गार्गी लॅपटॉप उघडून बसली. लिझी बोलायला लागली.

"दुपारी एक ते साडेचार शहर झोपतं. तेव्हा ना दुकान, ना फोन, ना कुणाची बेल वाजवायची. गल्लीत कुणी दिसलं की आधी बुओन्जोर्नो, म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मग काम सांगायचं. आणि भाजीला हात लावायचा नाही."

स्वयंपाकघरातून सरोजबाई बाहेर आल्या. "हात लावायचा नाही? मग घ्यायची कशी?"

"तो निवडून देतो, ताई."

"त्याला काय कळतं माझ्या घरात काय शिजणार आहे ते?"

"तेच त्याला सांगायचं. आज काय करणार, किती जणं जेवणार. मग तो बरोब्बर देतो. पहिले पंधरा दिवस लबाडी करतो. मग नाही करत."

"हां. म्हणजे मुदस्सिरच की," सरोजबाई म्हणाल्या आणि तिथंच खुर्ची ओढून बसल्या.

लिझी पुढचं सांगायला लागली तशी तिचा आवाज जरा गंभीर झाला. "आता हे नीट ऐका. घर घेतलं की पालिकेत नाव नोंदवायचं. त्याशिवाय डॉक्टर नाही, काही नाही. मग पालिकेचा माणूस घरी बघायला येतो, तुम्ही खरंच तिथं राहता का. महिना-दीड महिन्यात कधीही. सांगून येत नाही. घर बंद दिसलं तर अर्ज बाद. माझा दोनदा गेला. मी म्हातारीला घेऊन समुद्रावर फिरायला गेलेली."

"आम्ही दोघं तर सकाळीच बाहेर पडणार," गार्गी म्हणाली. "मला पहिल्या महिन्यात रजाही नाही."

"इन्शाल्ला, संध्याकाळी येईल," कैवल्य म्हणाला.

"संध्याकाळी तो स्वतःच्या घरी जातो," लिझी म्हणाली.

"मी असेन ना घरी," सरोजबाई म्हणाल्या.

कैवल्यनं लिझीकडे बघितलं. "आंटी, आईला जमेल का सांगा. खरं सांगा."

"मला काय विचारतोस? त्या समोर बसल्यात." लिझी उठली. "असं करू. मी बाहेर जाते, मी पालिकेचा माणूस. तुम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही. ताई, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. 'कोण आहे'ला म्हणायचं 'की ए'. 'आम्ही इथं राहतो'ला 'आबितियामो क्वी'."

सरोजबाईंनी ते दोनदा पुटपुटलं आणि पदर खोचला. तिकीट कुठलं निघणार ते आता या दारात ठरणार होतं. कैवल्यलाही ते कळलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

बेल वाजली. सरोजबाई घाईनं उठल्या नाहीत. दाराजवळ गेल्या आणि आपल्या मूळच्या आवाजात म्हणाल्या, "की ए?"

बाहेरून लिझीनं घोगऱ्या आवाजात इटालियन सुरू केलं, भरधाव. कोमूने, कोमूने, म्हणजे पालिका, एवढं त्यातलं पुन्हा पुन्हा ऐकू आलं.

"कार्ड!" सरोजबाई म्हणाल्या.

लिझीनं हसू दाबत आपलं कतारचं ओळखपत्र दारातल्या भिंगासमोर धरलं. बाईंनी दार साखळीपुरतं उघडलं, कार्ड आत घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि तोंड ताडून बघितलं. मग साखळी काढली.

"बुओन्जोर्नो. आबितियामो क्वी." आणि चार बोटं वर.

लिझीनं तोंडाचा पट्टा थांबवला नाही. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि कळत असल्याचं सोंगही त्यांनी केलं नाही. त्या पुढे झाल्या. चपलांचं कपाट उघडलं, चार माणसांच्या चपला. न्हाणीघरात नेलं, चार ब्रश. अंतराचं दप्तर, कैवल्यचं बंदरावरचं हेल्मेट, गार्गीचे कपडे, आपलं अंथरूण, सगळं बोटानं दाखवलं. पाहुण्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी वही आणि पेन पुढे केलं.

लिझी थबकली. मराठीत आली. "हे कशाला?"

"सही करा. तारीख, वेळ घाला. तपासणी झाली की सही घ्यायची असते. नाहीतर उद्या म्हणाल, मी आलो होतो, घर बंद होतं." सरोजबाईंचा श्वासही वाढला नव्हता. "अठ्ठावीस वर्षांत किती साहेब असे न सांगता आले अंगणवाडीत. पोरं मोजली, तांदूळ मोजला, वजनकाटा बघितला. सहीशिवाय एकाला जाऊ दिलं नाही. एक तर जीपमध्ये बसला होता, त्याला खाली उतरवला."

लिझी खुर्चीत मागे पडून हसायला लागली. "आई गं! नऊ वर्षांत हे मला सुचलं नाही. अरे कैवल्य, तो माणूस आधी यांना घाबरेल, मग दर आठवड्याला चहाला येईल."

"आजी इज कमिंग, खलास, ठरलं," आतून अंतरा ओरडली.

गार्गीनं लॅपटॉप मिटला. "कैवल्य, आई नसतील तर आपला अर्ज दोनदा जाईल. लिझी आंटींसारखा."

वरून विमान गेलं. कैवल्य ते जाईपर्यंत गप्प राहिला. मग म्हणाला, "थंडी असते आई तिथं."

"निफाडची थंडी काढलीय मी."

"दिवसभर एकटी असशील."

"अभिजितच्या वरच्या खोलीत कोण असणार होतं माझ्याशी बोलायला? बारीत निदान पालिकेचा माणूस येईल."

कैवल्यला हसू आलं. ते लपवायला त्यानं फोन काढला आणि अभिजितला लावला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच सरोजबाईंनी फोन त्याच्या हातातून घेतला.

"अभिजित, मी काकू. अरे, ती खोली भाड्यानं देऊन टाक. छान रंग दिलास म्हणे, चांगलं भाडं येईल... नाही, रागावले नाही. बारीला चाललेय... कुठं म्हणजे? इटलीत... हो, मीच. ठेव आता, काम आहे."

फोन मुलाला दिला आणि त्या लिझीसमोर येऊन बसल्या.

"यल्ला, चल, आकडे सांग. शंभरपर्यंत. भाजीवाला पंधरा दिवस लबाडी करतो म्हणालीस ना, मला आठ दिवसांच्या वर परवडणार नाही."

"ऊनो," लिझी म्हणाली.

"ऊनो," सरोजबाई म्हणाल्या, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.