सव्वाअकराचे साहेब

हसायचं नाही, आधीच सांगते! हसलात तर अर्ध्यातच थांबेन.

बीएच्या तिसऱ्या वर्षाला मला सरकारी इंटर्नशिप मिळाली. नगरच्या एका कचेरीत दोन महिने, घरून रोज एसटीने ये-जा, वर मानधन! आईने राहुरीजवळच्या आमच्या देवळालीत अख्ख्या आळीला सांगून टाकलं. पण मेख अशी, की शेवटी साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर कॉलेजात माझं वर्ष अडकणार.

काम काय? पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "रोज अहवाल लिहायचा. जे दिसेल ते लिही."

आता जे दिसेल ते म्हणजे जे दिसेल ते ना? मी लिहिलं! 'साहेब सव्वाअकराला आले. चहा. फाईल उघडली. पुन्हा चहा. फाईल मिटली.' साहेब न वाचताच सही ठोकायचे आणि अहवाल वर जायचा. मला वाटलं, आवडतंय! मग काय, मी सुटलेच. 'दुपारी साहेबांना डुलकी लागली. घोरणं मध्यम.'

तीन आठवड्यांनी शिपाई पोपटकाका धावत आले. "ताई, वरच्या मॅडम येऊ राहिल्यात! तुमचे अव्हाल लई आवडले म्हनं!"

साहेब असे फुलले! मॅडमसमोर म्हणतात कसे, "मीच घडवलंय हिला. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ वर जात नाही."

"हो का?" म्हणत मॅडमनी 'घोरणं मध्यम' मोठ्याने वाचलं. खाली साहेबांची सही! त्यांचा चेहरा पांढराफटक. मी मनात म्हटलं, गेलं ना वर्ष!

पण मॅडम चक्क हसल्या. हुश्श, वाचले म्हणेपर्यंत त्यांनी हजेरीचा कागद काढला. "सव्वाअकराला आलेले साहेब तुला दिसले कसे गं? मशीनवर तुझा अंगठा रोज पावणेबाराचा आहे!"

"मॅडम, ती एसटी... राहुरीलाच..."

"मग हे तुला सांगितलं कोणी?"

मी पोपटकाकांकडे बघितलं. पोपटकाका छताकडे बघत होते.

प्रमाणपत्र मिळालं हो! साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कागद पूर्ण वाचून सही केली असेल. वर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात शेरा मारला: 'निरीक्षण उत्तम. उपस्थिती ऐकीव.'

आणि आता मेलं कुठंही मुलाखतीला जा, आधी तोच कागद मागतात!