जॅकपॉटकाकांचा घोडा

जॅकपॉटकाकांनी जन्मात कधी रेसकोर्सचं तोंड पाहिलं नव्हतं. पण जयपूरच्या मालवीय नगरातल्या त्यांच्या गच्चीवर दुपारी जाऊन बसलं, की घोड्यांशिवाय दुसरा विषय नसे. बिजली कशी सुटली, सुलतान कसा अडला, हे सांगताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि मान टापांच्या ठेक्यावर डुलायची. नवख्याला वाटे, म्हातारा रेसपायी सगळं घालवून बसलाय.

हे घोडे एका जुन्या संगीत विनोदी नाटकातले होते. रेसच्या नादाला लागलेला एक कारकून, त्याची बायको आणि बारा गाणी, एवढाच त्या नाटकाचा ऐवज. मिरजेकडच्या एका फिरत्या कंपनीत काकांचे वडील त्याला पायपेटीची साथ करत. कंपनी बुडाली. पुढे काकांच्या रेल्वेतल्या बदल्यांत नाटकाची वहीही गहाळ झाली, आणि शब्द-चालींसकट सगळं नाटक फक्त काकांच्या डोक्यात उरलं.

त्यांना कशातही जॅकपॉट लागायचा. चहा जमला की जॅकपॉट, कटलेला पतंग गच्चीत पडला की जॅकपॉट. डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन सांगितलं, आवाज राहणार नाही म्हणाले, तेव्हा मात्र काका नुसते हसले. मला म्हणाले, "पोरी, महिना हाय हातात. बाराच्या बारा तुझ्या गळ्यात उतरवतो." मी तेव्हा कॉलेजात होते. जयपूरचीच पैदास, मराठी वाचायची ती हिंदीच्या चष्म्यातून. त्यांनी नेमकी माझ्यावर भिस्त ठेवावी, याचं मला अजून नवल वाटतं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते नाटक करायचं ठरलं. पडदा जयपूरजवळच्या बगरू गावाहून आला. तिथल्या ठशांनी कापड छापणाऱ्या छिप्यानं निळीत घोड्यांची रांग छापून दिली होती. गच्चीच्या दोरीवर तो वाऱ्यानं हलला की घोडे पळू लागत, आणि मी शब्द विसरून बघत राही. काका रागावत नसत, तेही बघत बसत. त्या दुपारींची मला फार आठवण येते.

शेवटच्या गाण्यात कारकुनाचा घोडा जिंकता जिंकता थबकतो, आणि तो बायकोला सांगतो, 'अखेरच्या वळणावर घोड्यानं केली चेष्टा.' ही ओळ मी ऊर भरून गायले. शाळेतल्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला वाटलं, बिचाऱ्यानं जिवाचं रान केलं.

काका खोकला येईपर्यंत हसले. "अगं, तो घोडा टिंगल कराय लागलाय! आणि तू त्याला शाबासकी देतीस व्हय?"

मी ओशाळले. "सॉरी काका, मतलब... नीट म्हणते."

त्यांनी पडद्यावरच्या घोड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको. तसंच म्हण. आजवर आम्ही सगळ्यांनी त्या घोड्याला नावंच ठेवली. पळत तर तोच होता की."

उत्सवात मी तसंच गायले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

भेटायला गेले तेव्हा गळ्याला पट्टी होती, आवाज कायमचा गेला होता. त्यांनी खुणेनं 'गा' म्हटलं. कॉटशी बसून मी हळू आवाजात एकेक गाणं घेतलं. चुकलं की ते बोटानं कॉटची दांडी वाजवत, आणि मी मागे जाऊन पुन्हा म्हणे. शेवटच्या गाण्याला वाटलं, आज तरी त्यांना वडिलांच्या कंपनीतलं जसंच्या तसं ऐकवावं. म्हणून ती ओळ मी मुरकत, थट्टेच्या सुरात घेतली.

दांडी वाजली. पुन्हा तशीच घेतली, तर पुन्हा वाजली.

मला रडू आवरेना. तशाच आवाजात मी ती ऊर भरून म्हटली, माझी चुकीची. काकांचं बोट हललं नाही.