रविवारचं विलायती संगीत

आमच्या पंचवटीतल्या सोसायटीत तळमजल्यावर सिन्नरकडच्या एक निवृत्त नर्सबाई राहतात. बोलताना त्या समोरच्याचं मनगट धरतात, जणू नाडीच बघतायत. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये स्वतःचा बॅटरीवरचा स्पीकर लावून त्या नवख्या लोकांना इंग्लंडमधलं शास्त्रीय संगीत ऐकवतात. आम्ही जेमतेम पाच-सहा जण असतो.

"समजंना म्हणून घाबरायचं नाय," पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या. "तो खालचा जाड आवाज हाय ना, तो चेलो, म्हंजी मोठं व्हायोलिनच. त्याच्या मागं मागं चालत राहा, बाकीचे आपोआप भेटतील." मी तसं केलं आणि खरंच, सगळा गोंगाट वाटत होता तो हळूहळू सुटा होत गेला.

गेल्या रविवारी चेलो ऐन रंगात असताना चेअरमन आले आणि त्यांनी स्पीकर बंद केला. "मॅडम, इंग्रज कधीच गेले. इथे भजन ठेवा, नाहीतर हॉल मिळणार नाही."

"भजनाला मी बी येते, टाळ बी वाजवते," बाई शांतपणे म्हणाल्या. "पन माझ्या कानानं काय ऐकायचं, ते तुम्ही नाय ठरवायचं."

स्पीकर उचलून त्या थेट पार्किंगमध्ये गेल्या. चेअरमन माझ्या शेजारचेच, त्यामुळे मला भीती वाटत होती. तरी मीही खुर्ची उचलली. स्कूटरच्या रांगेत बसल्यावर कुणीतरी विचारलं, "कुठे थांबलं होतं?"

"मधूनच नाय ऐकायचं," बाई म्हणाल्या. वरच्या गॅलरीतून चेअरमन बघत होते. बाईंनी आवाज वाढवला आणि ती रचना पहिल्यापासून लावली.