शब्द सोलणारे भाऊजी

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून नेहमी चुकतं, त्याची आधीच माफी मागते. भुसावळला चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न होऊन लखनौला आले. इथे मराठी लिहायचं ते फक्त लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीत. पण आमच्या भाऊजींवर, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावावर, कोणीतरी चार ओळी लिहायलाच हव्यात. एवढं शिकून एवढा बिनकामाचा राहिलेला माणूस अख्ख्या उत्तर प्रदेशात दुसरा नसेल.

भाऊजी इथेच गोमती नगरला एकटे राहतात आणि मेंदूवर शिकवतात. डॉक्टरसारखं नाही, स्वतःचं डोकं दुखलं की बाम माझ्याकडे मागतात. लांबलचक शब्द कानावर पडला की मेंदू तो अख्खा उचलतो, की तुकडे सुटे करून पुन्हा जोडतो, एवढ्या एका प्रश्नावर त्यांचे केस पांढरे झाले. सरकार त्यांना ह्याचा पगार देतं. चहात साखर घातली की नाही हे ज्यांना घोट घेतल्यावरही कळत नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतात. एकदा मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, कधी घरातल्यांनासुद्धा विचारत जा, कसे आहात म्हणून." तर डोळे चमकले. "वहिनी, थांबा. पुन्हा म्हणा. घर, मग आत, मग ल्यां, मग ना, वर सुद्धा. एवढं सगळं तुम्ही एका श्वासात जोडलंत, आणि मी एका श्वासात सोडवलं." कसे आहात ते विचारायचं राहिलंच, आणि माझी फोडणी जळाली. आमची मुलगी म्हणाली, "काका, आप फिर शुरू हो गए."

त्यांचा एक लॅपटॉप आहे. त्यावर शब्द येतात, खऱ्या शब्दाला हिरवं बटण दाबायचं, खोट्याला लाल. माझ्या दारात त्यांनी दूधवाल्याला त्यापुढे बसवलं. तो म्हणाला, "साहब, हम दूध नापते हैं, लफ़्ज़ नहीं." तरी बसला, आणि सगळ्याला हिरवं दाबून उठला. भाऊजी हैराण. "भैया, इसमें आधे शब्द झूठे थे." तो म्हणाला, "आपने लिखे हैं, हम ग़लत कैसे कह दें?" लखनौचा माणूस तोंडावर कोणाला खोटं पाडत नाही, हे माझ्यासारख्या अडाणी बाईला पहिल्या वर्षी कळलं. भाऊजींनी मात्र तो मेंदूचा निकाल समजून आठवडाभर त्यावर डोकं धरलं.

मग मागच्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर. हातपाय सावरले, बोलणं सावरेना. "पाणी" यायचं, "दार" यायचं. "उद्या" यायचं, "उद्यापासून" अर्ध्यात अडकायचं. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते ह्याच महिन्यांत येईल, बोलतं ठेवा. आलमबागच्या आमच्या गल्लीतले लोक फार चांगले. शेजारचे मिश्राजी रोज यायचे, आणि ह्यांनी तोंड उघडलं की, "जी, जी, हम समझ गए," म्हणून शब्द पुरा करून द्यायचे. मीही द्यायचे. हे मान हलवायचे. होता होता ह्यांनी तोंड उघडणंच सोडलं.

भाऊजी रोज संध्याकाळी स्कूटरवरून यायला लागले. एके दिवशी ह्यांनी कसाबसा एक शब्द काढायला घेतला, मिश्राजींनी तो पुरा केला, आणि भाऊजी म्हणाले, "मिश्राजी, उनका शब्द उनके मुँह में रहने दीजिए." मिश्राजी चहा तसाच ठेवून उठले. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. ते गेल्यावर मी, जन्मात कधी वर तोंड करून न बोललेली, म्हणाले, "तुमच्या प्रयोगापायी माझा शेजार तोडू नका."

"प्रयोग नाही हा, वहिनी. दादाला सुरुवात सापडते, पुढचं सापडायला वेळ लागतो. तो वेळच आपण खातोय."

त्या दिवसापासून त्यांना जेवायलाही थांबवलं नाही. ते यायचे, ह्यांच्यासमोर बसायचे, आणि ज्यांचं तोंड कधी मिटलं नाही ते भाऊजी तासभर गप्प राहायचे. मला वाटायचं, पेट्रोल फुकट चाललंय.

असेच एकदा निघाले. हेल्मेट हातात. मी पोळ्या लाटत होते, मुद्दाम बाहेर आले नाही. ह्यांचा आवाज आला, "जेव." मी लाटणं घेऊनच दारात आले, पुढचा शब्द माझ्या ओठावर होता. भाऊजींनी माझ्याकडे न बघता हात वर केला. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. ह्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "जेवल्या," म्हणाले, आणि थांबले. भाऊजी हलले नाहीत, मीही नाही.

"जेवल्याशिवाय... जाऊ नको."

आता ते शब्द सोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हो दादा."

इतका लांब शब्द त्यानंतर ह्यांच्या तोंडून क्वचितच आला. भाऊजींच्या विद्येचा जगाला काय उपयोग, ते मला अजून कळलेलं नाही. मिश्राजींच्या घरी मी स्वतः जाऊन आले. तेही पुन्हा येऊ लागले, पण आता ओठ घट्ट मिटून बसतात. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तिघं असतात आणि कोणीच बोलत नाही. मी मधूनमधून दाराशी येऊन उभी राहते. ह्यांचे ओठ हलत असले, तर चहा झाला असं सांगत नाही.