आडवं रीळ

"मला विचारून 'हो' म्हणालीस?"

"तुमी मला विचारून टेप फोडलासा?" आक्काताईनं नवऱ्याला उलट विचारलं.

भाऊसोनं मान वर केली नाही. तो पुढच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लेकीच्या, श्रुतीच्या टेपरेकॉर्डरचं पोट उघडं पडलेलं. स्पीकरचा कागद फाडून बाजूला टाकला होता आणि त्याच्या मागचं काळं लोहचुंबक हातोडीनं फोडून त्याचे पाच तुकडे ओळीनं मांडले होते.

"आण्णा, आता मी गाणी ऐकू कशावर? लाइटच्या मीटरवर?" श्रुती रडकुंडीला आली होती.

"तूच सांगितलीस की लोहचुंबक पाहिजे म्हणून."

"तुमी विचारलासा म्हणून सांगितलं! माझ्या टेपचं काढा म्हणाले व्हय मी?"

तेवढ्यात तानाबाई आतून हातात एक चप्पल घेऊन आली. "तिच्या टेपचं ऱ्हाऊ दे बाजूला. ह्ये बघा. टाचंला भोक! रुपयाएवढं, गोल!"

"दोन भोकं हाईत, आई," भाऊसो म्हणाला. "दुसरं दुसऱ्या चप्पलेला. कातडं चांगलं हाय, मुरलेलं."

"मुरलेलं? अरं, माझ्या पायानं मुरलंय त्ये!"

एरवी आक्काताई हसली असती. आज तिला हसू येईना. "सोमवारी सकाळी आठला कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून जायचं," ती म्हणाली. "मी मालकांच्या माणसाला शब्द दिलाय. खुर्ची हाय, सावली हाय, रजिस्टर लिहायचं. डाव्या हातानं लिहिलं तरी चालंल म्हणालेत."

भाऊसोनं चुंबकाचा सर्वांत लहान तुकडा उचलला, डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि पुन्हा ओळीत ठेवला. मग म्हणाला, "शब्द तुझा हाय. तू जा."

भाऊसो बावीस वर्षं उद्यमनगरातल्या त्याच कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचा. केसाएवढा चढउतार तो अंगठ्यानं सांगायचा. माप लावून बघितलं तरी त्याचंच बरोबर निघायचं. आणि तोच अंगठा श्रावणात गेला. लेथवर फिरणाऱ्या लोखंडी जॉबला घासायचा एमरी पेपर धरून पॉलिश चाललं होतं. फोरमननं ऑफिसच्या दारातून हाक मारली, "भाऊसो, घरनं फोन!" त्यानं मान वळवली. पेपर जॉबला गुंडाळला गेला आणि उजवा अंगठा मधल्या सांध्यापासून घेऊन गेला.

फोन आक्काताईचा होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून केलेला. गॅस संपला होता, येताना सिलिंडरचं बघा, एवढंच सांगायचं होतं.

मशीनवरच्या माणसाला हाक मारू नये, हे उद्यमनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण भाऊसोनं ना फोरमनला दोष दिला, ना तिला. फोन कशासाठी होता, हेसुद्धा विचारलं नाही. त्यानं एकदा तोंड भरून शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. पाच महिने झाले, तो त्याबद्दल काही बोलत नव्हता आणि तिचं मन कशावर ठरत नव्हतं. भाकरी थापताना परातीतला हात थांबायचा. म्हणूनच गेटवरच्या नोकरीचा निरोप आला तेव्हा तिनं क्षणाचाही विचार केला नाही. गेटवर अंगठा लागत नाही. गेटवर काही फिरत नाही.

मासे धरायच्या रिळाचं खूळ आणलं ते भाऊसोच्या जुन्या मित्रानं, हंबीररावांनी. एसटीत कोल्हापूर–मालवण गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्यांची हयात गेली. भाऊसोला पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच एका शनिवारी गगनबावड्याच्या घाटातून समुद्रावर नेला होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी दोघं जायचे, खडकावर उभे राहून हातात नुसती दोरी धरून मासे पकडायचे. अंगठा गेल्यावर दोरी हातात ठरेना. तेव्हा हंबीररावांनी मस्कतच्या जावयाकडून गळाच्या काठीला लावायची, दोरी गुंडाळायची दोन रिळं मागवली आणि दोन्ही आणून भाऊसोपुढं ठेवली.

"ह्यातलं एक तुझं. दुसरं माझं. पण मी सांगतो ते ऐक, ह्ये उभं घे."

उभं म्हणजे सोपं. रिळाचं तोंड पुढं असतं. फेकली की दोरी पुढच्या टोकावरून आपोआप सुटत जाते, रीळ जागचं हलत नाही. दुसरं आडवं. विहिरीच्या रहाटासारखं. फेकली की दोरी गुंडाळलेलं त्याचं पोटच गरागरा फिरतं आणि त्या फिरत्या पोटावर अंगठा हलकेच टेकवून ठेवावा लागतो. अंगठा चुकला की पोट दोरीच्या पुढं धावतं आणि अख्ख्या दोरीचं सुगरणीचं घरटं होतं.

भाऊसोनं दोन्ही हातात घेऊन पाहिली. मूठ फिरवली, कान लावला, स्क्रू बघितले. आणि आडवं उचललं.

"अहो," आक्काताई म्हणाली, "ज्याला अंगठा लागतोय तेच घेतलासा?"

"त्ये खेळणं हाय. ह्ये यंत्र हाय."

"मग तुमचा अंगठा काय मस्कतहून मागवायचा?"

हंबीरराव खाली बघून हसले. भाऊसो हसला नाही.

शेंडापार्कच्या माळावर गळाऐवजी शिशाचं वजन बांधून त्यानं पहिली फेक केली. वजन दहा हात गेलं आणि घरटं झालं. तर्जनी टेकवून बघितली, नायलॉननं बोट भाजलं. "डाव्या हातानं मार की लेका," हंबीरराव म्हणाले. डाव्या हातानं वजन मागंच पडलं. तिथं चरणारी म्हैस उधळली आणि म्हशीच्या मालकानं दोघांचाही उद्धार केला. घरी आल्यावर भाऊसो तीन तास गुंता सोडवत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर, पुन्हा गुंता.

मग त्यानं रीळ खोललं, जोडलं, परत खोललं. घरात त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. मोरीपासून दारापर्यंत अकरा पावलं, परत अकरा. आणि एके दिवशी तो स्टुलावर चढून लाइटच्या मीटरसमोर उभा राहिला. खाली उतरेचना.

"अगं, ह्येला काय झालंय बघ," तानाबाई घाबरून म्हणाली. "मीटरशी बोलतोय का काय!"

"श्रुती, सगळे दिवे लाव," तो वरून ओरडला. "आता बंद कर. बघ! एवढी जोरात फिरायली होती ती चकती, आणि जागच्या जागी थांबली. कुणी धरली तिला?"

श्रुती बारावी सायन्सला होती. "आण्णा, तितं लोहचुंबक असतंय. चकती अॅल्युमिनियमची. चुंबक तिला चिकटत न्हाई, पण मोकळं फिरू बी देत न्हाई."

भाऊसो स्टुलावरून उतरला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. रिळाचं पोट पितळेचं होतं, जड. एकदा फिरलं की थांबायचं नाव नाही. "आधी ह्येचं पोट अॅल्युमिनियमचं, हलकं कराय पाहिजे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग शेजारी चुंबक बसवायचं. अंगठ्याचं काम चुंबक करंल." मासा ओढायला लागला की दोरी तुटू नये म्हणून रिळाच्या आत घसरणाऱ्या चकत्या असतात, त्या झिजल्या होत्या. त्यांच्या जागी कातड्याच्या चकत्या घालण्यापायी तानाबाईची चप्पल गेली. चुंबकापायी टेप गेला. अॅल्युमिनियमचं पोट कशापायी आणि कुठून येणार, हे विचारायचं आक्काताईला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी कारखान्यातून ड्रेस आला. खाकी शर्ट, खाकी पँट आणि दोरीला बांधलेली शिट्टी. आक्काताईनं तो खिळ्याला अडकवला. तानाबाईनं शिट्टी फुंकून बघितली. "वाजतीया की गं चांगली," ती म्हणाली.

भाऊसो चहा अर्धा टाकून उठला. "जरा फिरून येतो."

बारा वाजले, एक वाजला. आक्काताई दोनदा दारात जाऊन आली, एकदा कोपऱ्यापर्यंत. ताट वाढून झाकून ठेवलं. दीडच्या सुमारास हंबीरराव सायकलवरून आले.

"भाऊजी, हे तुमच्याकडं न्हाईत व्हय?"

"माझ्याकडं? वहिनी, तो जोतीरामच्या शेडला असंल की. आठ दिस झालं, रोज तितंच असतोय. तुमास्नी ठाऊक न्हाई?"

जोतीरामचं शेड म्हणजे एक लेथ, एक ड्रिल आणि वर पत्रा. लेथ म्हटल्यावर आक्काताई तशीच धावत सुटली. तिनं पायात काय घातलं तेही पाहिलं नाही. निम्म्या वाटेवर कळलं, सासूबाईंची भोक पडलेली चप्पल घालूनच निघालोय.

शेडच्या दारातच ती थबकली. लेथ चालू होता. भाऊसो पाठमोरा उभा होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पायाशी अॅल्युमिनियमचा चंदेरी भुगा पडला होता. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, रिळाचं नवं पोट गरगरत होतं, अजून करड्या रंगाचं. आणि भाऊसोचा हात एमरी पेपरकडे गेला.

"अहो" तिच्या दातांपर्यंत आलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कोपऱ्यात बसलेल्या जोतीरामला ती दिसली. तो हाक मारायला तोंड उघडणार, तशी तिनं दोन्ही हात हलवून त्याला गप्प केलं.

एमरी पेपर नुसता नव्हता. हातभर लांब लाकडी पट्टीला तो चिकटवलेला होता. भाऊसोनं पट्टी डाव्या हातात धरली, उजव्या हाताच्या चार बोटांनी तिला खालून आधार दिला, एक पाऊल बाजूला सरकून उभा राहिला आणि पट्टी जॉबला टेकवली. हात लांबच होते. करडा रंग हळूहळू पांढरा झाला, पांढऱ्याला चकाकी आली. रस्त्यावरून एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत गेला. भाऊसोची मान हलली नाही. आक्काताईनं तोंडातला बोळा आणखी घट्ट चावला.

त्यानं लेथ बंद केला. चक फिरायचा पुरता थांबला. मग त्यानं पोटावरून डावा अंगठा फिरवून पाहिला, थांबला, आणि उजव्या हाताचं थोटकं पेर त्याच जागेवरून हळूच फिरवलं. मान डोलावली.

मागं वळला तर दारात आक्काताई.

"काय गं?" तो म्हणाला. "गॅस संपला व्हय?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं त्या फोनचा विषय काढला होता. टोमणा होता की थट्टा, तिला कळेना. त्याचा चेहरा तर नेहमीसारखाच होता. म्हणजे तो फोन कशासाठी होता, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"न्हाई," तिनं तोंडातला पदर काढला. "हाय अजून. जेवायला या."

ती घरी आली, खिळ्यावरचा ड्रेस काढला, शिट्टी त्यातच गुंडाळली आणि पिशवी घेऊन पुन्हा बाहेर पडली. कारखान्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर ती तासभर बसली. बसली म्हणजे दर पाच मिनिटांनी उठली. मालकांनी आधी ऐकून घेतलं नाही. मग तिनं त्या लाकडी पट्टीबद्दल सांगितलं, कशी धरली, कुठं उभे राहिले, हॉर्न वाजला तरी मान कशी हलली नाही. तेव्हा मालकांनी हात पुढं करून ड्रेस परत घेतला.

ती परतली तेव्हा उन्हं उतरली होती. पुढच्या खोलीत तिघंही रिळाभोवती बसले होते. नवं पोट बसवलं होतं, त्याच्या शेजारच्या झाकणात चुंबकाचे तुकडे चिकटवले होते. भाऊसोनं पोटाला जोरात फिरकी दिली. ते गरगरलं आणि कुणीतरी अलगद हात ठेवावा तसं संथ होत थांबलं.

"माझा टेप हाय त्यात," श्रुती म्हणाली, पण रागानं नाही. "उद्या शेंडापार्कला मी बी येणार."

तानाबाईचं लक्ष खिळ्याकडं गेलं. "अगं, ड्रेस कुठाय? शिट्टी बी दिसंना."

"परत देऊन आले."

भाऊसोचा हात रिळावर तसाच राहिला. "कुणाला?"

"मालकांना. गेटवर येत न्हाईत म्हणून सांगितलं. पहिला महिना हलकं काम देतो म्हणालेत, मग पुढचं पुढं."

"मला विचारलंस?"

"न्हाई."

तिनं रिकामी पिशवी त्याच खिळ्याला अडकवली आणि तिघांकडे पाहून म्हणाली, "सोमवारपास्नं हे लेथवर जाणार. आणि कामाच्या वेळंत हितनं कारखान्यात फोन कुणी करायचा न्हाई. घराला आग लागली तरी न्हाई."